दादा, खेकडे आणि पहिलं शील

दादा गेला तो रविवारी सकाळी. वारूळवाडीहून माझ्या भाच्याचा, संदीपचा फोन आला, “आत्या, आबा गेले,” एवढंच म्हणाला. मी मंचरहून निघाले, नारायणगावला उतरून घरी पोचले, तोवर अंगणात निम्मे नातेवाईक जमले होते. रविवार असल्यामुळे बहुतेकांच्या घरी मटण नाहीतर कोंबडी चुलीवर चढलेली. आळ्याची आमची मावसबहीण तर माझ्या गळ्यात पडून रडता रडता म्हणाली, “शिजत आलं व्हतं गं, तसंच झाकून आले.” आणि खरं सांगते, दादाला आत पांढऱ्या चादरीत निजवलेलं असताना माझ्या मनात पहिली गोष्ट ही आली, की हे वाक्य त्याच्या कानावर पडलं असतं तर तो उठून बसला असता आणि त्यानं विचारलं असतं, “काय शिजत व्हतं? कुणी मारलं? कसं मारलं?” गेली कित्येक वर्षं कुणाच्याही ताटाशेजारी बसून हेच प्रश्न विचारणारा माणूस नेमका रविवारी गेला. दहा घरांची भांडी त्यानं अर्ध्यात उतरवायला लावली. याला योगायोग म्हणतात हे मला कळतं, पण त्या दिवशी मला त्याचा रागच आला.

त्याच्या जलदान विधीला दोघातिघांनी भाषणं केली. यशवंतराव म्हणजे करुणेची मूर्ती, यशवंतरावांनी कधी मुंगी दुखावली नाही, वगैरे. वहिनी माझ्या शेजारी पदर तोंडाला लावून बसली होती. ती रडतेय असं सगळ्यांना वाटलं असेल. मला मात्र तिचे खांदे वेगळ्याच तऱ्हेनं हलताना दिसत होते. आमच्या दादाइतका खेकड्यावर जीव असलेला माणूस दोन तालुक्यांत झाला नसेल. तो जन्मला त्या हौसेसकट आणि गेलाही त्या हौसेसकट. मधल्या काळात त्यानं त्या हौसेशी जे भांडण मांडलं, त्यात त्यानं स्वतःचा जीव खाल्ला, वहिनीचा खाल्ला आणि माझा तर भरपूर खाल्ला. हे कुणी भाषणात सांगितलं नाही. म्हणून मी लिहायला बसले आहे.

आमच्या लहानपणी वारूळवाडीत आम्हाला जमीन होती ती नावाला. आजोबांनी दीक्षा घेतली, घरातले देव गेले, पण चूल होती तशीच राहिली. आई दुसऱ्यांच्या वावरात खुरपायला जायची आणि येताना मीना नदीच्या कडेनं यायची. दगड उचलून खाली हात घालायची. तिच्या बोटांना नांगी लागल्याच्या खुणा कायम असायच्या. बोकड कुणाचा तरी असतो, कोंबडी कुणाची तरी असते, बांधावरचा आंबासुद्धा कुणाचा तरी असतो. दगडाखालचा खेकडा मात्र कुणाचाच नसायचा, त्यासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागायचं नाही. आई तो घरी आणून पाय वेगळे करायची, पाट्यावर वाटायची, ते वाटण पाण्यात कालवून फडक्यातून गाळायची आणि त्या पाण्याला बाजरीचं थोडं पीठ लावून, लसूण-मिरची घालून सार करायची. खोकला झाला की सार, ताप उतरला की सार, बाळंतिणीला सार. त्या साराचा वास पहिल्यांदा नाकात जातो तेव्हा तो जरा चिखलाचा वाटतो, मग गोडसर, आणि मग माणसाला दुसरं काही सुचत नाही. दादा वाटी चाटून झाली की पाटासुद्धा चाटायला निघायचा. आई त्याला फुंकणीनं हाणायची.

पुढं तो एसटीत कंडक्टर झाला आणि नशिबानं त्याला आहुप्याची मुक्कामी गाडी मिळाली. बाकीचे कंडक्टर त्या गाडीला नाकं मुरडायचे. घाटाचा रस्ता, थंडी, रात्री गाडीतच झोपायचं. दादा मात्र खुशीत. कारण पावसाळ्याच्या तोंडी त्या डोंगरातल्या ओढ्यांतून जे काळेभोर खेकडे निघतात तसे आपल्या नदीत कुठले? सकाळी परतीच्या गाडीला आदिवासी बाया डिंभ्याकडं, घोडेगावच्या बाजाराला निघायच्या, त्यांच्या पाटीतले खेकडे दादा गाडी सुटायच्या आतच घेऊन टाकायचा आणि रेक्झिनच्या पिशवीत घालून आपल्या सीटखाली ठेवायचा. एकदा पिशवीची चेन उसवली. भर गाडीत खेकडे सुटले. पोरी सीटवर चढल्या, एक म्हातारा काठी आपटायला लागला, ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. दादा मात्र सगळ्यांना हात जोडून सांगत होता, “मारू नका हो, मारू नका!” भाषणात एका गृहस्थांनी हा प्रसंग त्याच्या प्राणिदयेचं उदाहरण म्हणून सांगितला. अहो, तो दुपारच्या कालवणासाठी हात जोडत होता! मेलेला खेकडा घरी पोचेपर्यंत खराब होतो, एवढीच त्याची दया.

निवृत्त झाल्यावर तो विहारात जायला लागला आणि मग सगळं बिघडलं. पौर्णिमेला वंदनेला आम्ही सगळेच जात होतो. पंचशील सगळ्यांनाच पाठ, लहानपणापासून. पहिलं शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचं, तेही पाठ. ते म्हणायचं आणि घरी येऊन जेवायचं, यात कुणाला कधी अडचण वाटली नाही. दादाला एका पौर्णिमेला अचानक वाटली. त्यानं घरी येऊन वहिनीला विचारलं, “आपण आत्ता काय म्हणलो?” वहिनी म्हणाली, “काय म्हणलो?” दादा म्हणाला, “तेच तर. कुणालाच ठावं न्हाई.”

एखाद्यानं मांसाहार सोडला तर सोडला, घरचे दोन दिवस कुरकुर करतात आणि वेगळी भाजी टाकतात. पण दादानं सरळ काही सोडलं नाही. तो हिशेब मांडायचा. आधी त्यानं सुकट सोडली. का? तर बोकड मारला तर एक जीव जातो आणि शंभर माणसं जेवतात. सुकटीच्या एका घासात शंभर जीव आणि जेवणारा एकटा. म्हणजे पाप कशात जास्त? त्यामुळे सुकट बंद आणि मटण चालू. मी सुटीला गेले की वहिनी माझ्यासाठी सुकटीची चटणी करायची, तर हा माझ्या भाकरीकडं बघत म्हणायचा, “शाले, घे, आख्खं गाव खा.” मग काही महिन्यांनी त्याला बोकडाचे डोळे दिसायला लागले. मटण बंद. मग कोंबडी बंद. खेकडा चालू, कारण खेकड्याला आपल्यासारखं रक्त नाही, तो ओरडत नाही, त्याला काही कळत नसणार. मला फोन यायचा, “तू नर्स व्हतीस न्हवं? मग सांग, ज्याला मेंदू आपल्यासारखा न्हाई त्याला दुखतं का?” मी सरकारी दवाखान्यात आयुष्य घालवलं, दुखतंय म्हणून ओरडणारी माणसं सांभाळली. मी म्हणायचे, “दादा, मला माणसांचं विचार.” तो म्हणायचा, “माणसांचं काय विचारायचं? ती सांगत्यात की.”

मग माझ्या प्रज्ञाचं लग्न ठरायचं होतं तो दिवस. मुलाकडची मंडळी निमगाव सावाहून मंचरला आमच्याकडं यायची होती. मुलाचे वडील फोनवर हौसेनं म्हणाले होते, “आमाला पक्वान्न नको, तुमच्या त्या डोंगराकडच्या खेकड्यांचं लई ऐकलंय.” दादाच जाऊन घेऊन आला. आणताना त्याचा चेहरा एसटीतल्या दिवसांसारखा फुललेला. स्वयंपाकघरात मी एकेक साफ करत होते, तो मसाला भाजत होता. मी एक खेकडा उलटा केला, पोटाखालची रुंद झापड उघडली आणि आतून पिल्लं सांडली. मोहरीपेक्षा थोडी मोठी, सगळे पाय जागच्या जागी असलेली पूर्ण पिल्लं. सिंकमध्ये चहूकडं पळाली, माझ्या हातावर चढली. मी नळ सोडायला हात पुढं केला तर दादानं माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी रुतली. “शाले, थांब.” त्यानं वाटीनं एकेक पिल्लू गोळा केलं. मग पातेल्यातले उरलेले सगळे जिवंत खेकडे पाण्याच्या बादलीत टाकले आणि बादली घेऊन पुढच्या दारानं, बैठकीत बसलेल्या पाहुण्यांच्या मधून, निघून गेला. मागचं दार होतं हो आमच्या घराला! घोड नदीवर जाऊन सोडून आला. मसाला करपला. मी पाहुण्यांना अंड्याचं कालवण वाढलं. मुलाचे वडील पानावर बसून मान खाली घालून जेवले आणि निघताना म्हणाले, “खेकडं चालत चालत आलं, न् चालत चालत गेलं म्हणा की.”

मला वाटलं, मोडलं लग्न. मी दादाला फोनवर इतकं बोलले, की शेवटी वहिनीनं फोन काढून घेतला. लग्न मोडलं नाही, झालं. पण आजही व्याही भेटले की पहिला विषय अंडी. प्रज्ञाच्या मुलाच्या बारशालासुद्धा त्यांनी ते काढलं. दादा पलीकडं बसून ऐकत होता आणि त्याला जराही अपराधी वाटत नव्हतं. उलट तो व्याह्यांना समजावून सांगायला लागला, की खेकडीण पिल्लांना पोटाशी धरून फिरते, त्या दिवसांत ती हळू पळते, आणि म्हणूनच ती आपल्याला सापडते. “म्हंजी आपण काय केलं,” दादा म्हणाला, “जी पोरांसाठी थांबली तीच आपण उचलली.” व्याह्यांनी ताटातला हात मागं घेतला. मी मात्र चिडले. एवढं बरोबर बोलायचं तर जेवणाच्या आधी बोलावं, ताट वाढल्यावर नव्हे.

खेकडा सुटला तसा त्याचा चेहरा उतरला. वजन उतरलं. संदीपनं त्याला बरं वाटावं म्हणून अलिबागला नेलं, मी आणि वहिनी बरोबर. तिथं त्यानं खानावळीत शिंपल्या पाहिल्या. अर्धा तास विचार केला. याला डोकं नाही, डोळे नाहीत, पाय नाहीत, हा कुठं जात नाही, याच्या पोटाला पिल्लं धरलेली नाहीत. “ही तर भाजीच हाय,” त्यानं जाहीर केलं आणि दोन थाळ्या हाणल्या. इतक्या महिन्यांनी त्याला बोटं चाटताना पाहून वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही हायसं वाटलं, चला, एक तरी वस्तू सापडली. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर एक कोळीण टोपलीत जिवंत शिंपल्या घेऊन बसली होती. दादानं त्यातल्या उघड्या शिंपलीला बोट लावलं. ती मिटली. त्यानं दुसरीला लावलं, तीही मिटली. कोळीण म्हणाली, “अवो भाऊ, घेणार की नुसतं टोचणार?” दादा उठला आणि तडक गाडीकडं निघाला. परतीच्या वाटेत चाकणला म्हणाला, “तिला काय कळत न्हाई, तर मग मिटती कशाला?”

मी संदीपला म्हटलं, गाडी थांबव, याला आधी चहा पाजू.

घरात खरा भडका उडाला तो मात्र टोमॅटोवरून. वहिनीला दादानं कधी खाऊ नको म्हटलं नव्हतं. पण तो समोर बसून असा बघायचा की तिनं आपण होऊन सगळं टाकून दिलं होतं. संदीपला हे डाचत होतं. तो टोमॅटो करतो, आमच्याकडं सगळेच करतात. एकदा तो शेतातून आला, पाठीवरचा पंप उतरवला, ताटावर बसला आणि पुन्हा पिठलं बघून उसळला. “आबा, मी आत्ता फवारून आलो. किती अळ्या मेल्या, किती माश्या, मोजल्या का तुमी? तो टोमॅटो तुमी रोज आमटीत खाता. आईच्या तोंडातला खेकडा काढला, माझा टोमॅटो बी सोडा की मग!” दादाच्या हातात घास तसाच राहिला. माझ्यासमोर कुणीतरी त्याला त्याच्याच हिशेबात पकडलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता… तो झाला नाही. तो हळूच म्हणाला, “तुझं बरोबर हाय. सगळं न्हाई सुटायचं. पण मला दिसतंय ते तरी सोडू दे ना रे.” आणि त्यानं घास खाल्ला, टोमॅटोच्या आमटीसकट. संदीप त्यानंतर त्याच्याशी या विषयावर बोलला नाही.

मग त्याच्या पोटात गाठ निघाली. पुण्यात दाखवलं, ऑपरेशनच्या पलीकडं गेलं होतं. मी त्याच्याकडं वारूळवाडीला राहायला गेले. काही खाल्लेलं टिकेना. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नाही, जे मागतील ते द्या. आम्ही विचारायचो, तो मान हलवायचा. एका दुपारी मी त्याची पाठ पुसत होते, तर तो म्हणाला, “शाले, आई करायची तसं सार करशील?”

वहिनी दाराशी तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली आपटलं. इतकी वर्षं तिचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. “जलम गेला माझा पिठल्यावर! न् आता सार मागताय?” ती बाहेर निघून गेली. पण संध्याकाळी नारायणगावच्या बाजारातून खेकडे तीच घेऊन आली, बघून, निवडून, एकही मादी नाही. मी पाट्यावर वाटलं. मिक्सर होता, पण वाटलं पाट्यावरच. फडक्यातून गाळलं. वास घरभर गेला आणि मला त्या वासात काही सुधरेना, मी साठीच्या पुढची बाई आणि मला वाटत होतं की आत्ता आई फुंकणी घेऊन येईल.

त्याला उशीला टेकवून बसवलं. मी चमचा पुढं केला. मला भीती होती की आता हा विचारणार, कुठला, कसा मारला, आणि मग मी वाटी भिंतीवर फेकणार. त्यानं काही विचारलं नाही. एक चमचा घेतला, डोळे मिटले. दुसरा घेतला. तिसरा घेतला. मग म्हणाला, “मीठ जरा कमी.”

मला इतका संताप आला! “दादा,” मी म्हटलं, “आम्हा सगळ्यांना छळलंस. माझ्या पोरीच्या सोयरिकीत अंडी वाढायला लावलीस. या बाईचं तोंड बांधलंस. आणि आता तुझं पहिलं शील कुठं गेलं?”

“मोडलं,” तो म्हणाला. अगदी सहज. जरा दम घेतला. “म्हणून तर दर पुनवंला परत घ्यायचं असतंय. मोडणारच नसतं, तर येकदाच घेऊन मोकळं झालो असतो… उद्या घेतो परत.”

सकाळी वहिनीनं बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली, त्याचे हात जोडून धरले, आणि त्याचा आवाज निघेना म्हणून तिनंच पाचही शीलं म्हटली. त्याचे ओठ हलत होते. त्यानंतर त्यानं खेकडा मागितला नाही. थोड्या दिवसांनी तो गेला.

परवा, जलदान विधीला काही आठवडे उलटल्यावर, वहिनीचा फोन आला. “रविवारी या शालनताई. खेकडं आणल्यात.” मी गेले. संदीप बाहेर गेला होता, आम्ही दोघीच. तिनं घट्ट कालवण केलं होतं, खोबऱ्याचं वाटण घालून, लाल तवंगाचं. आपल्या ताटात तिनं दोन मोठ्या नांग्या घेतल्या आणि पाट्यावरच्या वरवंट्यानं फोडल्या. “त्यांच्या म्होरं न्हाई खाल्लं,” ती म्हणाली. “चोरून बी न्हाई. त्यांचं मला पटत व्हतं, असं न्हाई की पटत नव्हतं. पण माझं तोंड माझं हाय.” आणि ती नांगी चोखायला लागली, डोळे मिटून. तिच्याकडं पाहून मला खूप बरं वाटलं. हेच तर मी इतकी वर्षं म्हणत होते.

आणि मग मीच म्हणाले, “वहिनी, पण हे दिवस खेकड्यांच्या पिल्लांचे ना? बघून घेतलेत ना?”

तिनं नांगी ताटात ठेवली. माझ्याकडं बघत राहिली. “आत्ता गं बया! एक गेला तवा कुठं म्हणलं निवांत जेवीन, तर ही आली!” मी म्हटलं, मी नुसतं विचारलं. ती म्हणाली, ते बी नुसतंच विचारायचं. मी म्हटलं, त्याचं सगळंच काही चुकीचं नव्हतं. ती म्हणाली, मग पोरीच्या सोयरिकीला एवढ्या का कावला होतात? मी म्हटलं, ती गोष्ट वेगळी. शिंपल्यांवरून, सुकटीवरून, टोमॅटोवरून आम्ही भांडत राहिलो. ती त्याच्या विरुद्ध बोलायची आणि मी बाजूनं, मग कधी तिनं त्याची बाजू घेतली आणि मी विरुद्ध गेले ते कळलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळानं आम्ही दोघी एकदमच थांबलो. दाराकडं बघितलं. कुणी नव्हतं.

कालवण गार होऊन त्यावरचा तवंग थिजला होता. वहिनी उठली, पातेलं उचललं. “या घरात कालवण कायम दोनदा गरम करावं लागायचं,” ती म्हणाली, “त्यांची बडबड संपायचीच न्हाई ना.” तिनं गॅस पेटवला आणि पातेलं पुन्हा वर ठेवलं. आम्ही दोघी ते उकळायची वाट बघत उभ्या राहिलो.